पहिल्या क्रमांकाचा लेख आणि हौसाबाईची शेळी

एकदा एक लेखक सर्वांच्या पुढे जाऊन बसला. ही केवळ त्याची समजूत नव्हती, त्याला पुरावा होता. मोबाईलवर ‘शेळीची पोटफुगी’ हे शब्द टाकले की शोधयंत्र जे शेकडो लेख समोर मांडे, त्यांत अगदी वरचा लेख त्याचा असे.

या लेखकाचे नाव सुमेध. वय सव्वीस. तालुक्याच्या गावी राहून तो पशुपालनाच्या एका संकेतस्थळासाठी लेख लिहीत असे. जनावरांविषयीचे त्याचे सारे ज्ञान एका वृद्धाकडून आलेले होते. हे वृद्ध माणदेशातल्या एका लहानशा गावात राहत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस वर्षे सेवा करून ते निवृत्त झाले होते आणि आसपासची सगळी गावे त्यांना आबा म्हणत. दर शनिवारी सुमेध वही घेऊन त्यांच्या ओट्यावर येऊन बसे. आबा सांगत, तो लिहून घेई. मोबदल्यात आबांनी एकच गोष्ट मागितली होती. सांगितलेले ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे, एवढीच.

आता, पोहोचवणे ही एक निराळीच विद्या आहे. सुमेधचे सुरुवातीचे लेख शोधयंत्राच्या दुसऱ्या पानावर पडत, आणि दुसऱ्या पानापर्यंत जाण्याचा धीर आजकाल कोणाला असतो? मग त्याने हट्टच धरला. लोक कोणते शब्द शोधतात ते त्याने पाहिले. ते शब्द मथळ्यात घातले, पहिल्या परिच्छेदात घातले, जागा सापडेल तिथे पेरले. लांब लेख वर जातात असे ऐकले तेव्हा लेख लांबवले. चार महिने त्याने दुसरे काही पाहिले नाही. त्याच्या या कष्टांना मी हसणार नाही. आपले लिहिलेले कोणीतरी वाचावे म्हणून झिजणारा माणूस मला आवडतो.

पहिला क्रमांक आला त्या शनिवारी तो पेढे घेऊन आबांकडे गेला. आबांनी पेढा घेतला आणि हे कसे जमवले ते विचारले. सुमेधने मोठ्या उत्साहाने सगळी युक्ती उलगडली. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि औषध लेखात कुठे लिहिले आहे, एवढेच विचारले.

अगदी शेवटी, सुमेध म्हणाला. आणि तीच तर खरी गंमत आहे, असेही म्हणाला. उत्तर वरच दिले तर वाचक ते घेऊन लगेच निघून जातो. ते तळाशी ठेवले की त्याला सगळा लेख खाली सरकवावा लागतो. वाचक जितका वेळ पानावर थांबेल तितका लेख चांगला, असा शोधयंत्राचा समज होतो, असे त्याला कोणीतरी शिकवले होते. आबांनी पेढा संपवला आणि हात पुसले.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर हौसाबाई नावाची एक विधवा राहत होती, तिचा फोन होता. आबांना ऐकू कमी येई, म्हणून ते स्पीकर लावून बोलत.

“आबा, शेळीनं सकाळी वला घास लई खाल्ला. पोट टम्म फुगलंय, नुसती धापा टाकतीया. गाभण हाय वो. काय करू?”

ही गाभण शेळी म्हणजे हौसाबाईच्या दारातले एकमेव जनावर होते. अशा फोनवर प्रश्न पुरा व्हायच्या आधी आबांचे उत्तर सुरू होत असे. त्या दिवशी मात्र त्यांनी विलक्षण गोष्ट केली. माझा शिष्य इथे बसला आहे, त्याचा लेख सगळ्यांत वर आहे, तो तुला सांगेल, असे म्हणून त्यांनी फोन सुमेधच्या हातात दिला. त्याने आपला मोबाईल काढला तसे हळूच म्हणाले, “पाठ नको सांगू. लेखातनंच वाच. पयल्या वळीपासनं.”

सुमेधला क्षणभर अभिमान वाटला. तो वाचू लागला. “शेळीची पोटफुगी ही शेळीपालकांसमोरील एक महत्त्वाची समस्या आहे. शेळीची पोटफुगी म्हणजे काय, शेळीची पोटफुगी का होते आणि शेळीची पोटफुगी झाल्यास काय करावे, हे आपण या लेखात सविस्तर पाहणार आहोत. तत्पूर्वी शेळीपालनाचा इतिहास थोडक्यात जाणून घेऊ.”

आबांचा शिष्य म्हणून हौसाबाई प्रत्येक वाक्याला आदराने ‘व्हय’ म्हणत होती. मागून शेळीचे कण्हणे ऐकू येत होते. इतिहासाचे नाव निघाले तशी ती थांबली.

“दादा, त्ये ऱ्हाऊ द्या. तिला आत्ता काय पाजू त्येवढं सांगा.”

सुमेध घाईने लेख खाली सरकवू लागला. शेळ्यांच्या जाती गेल्या, जगभरातल्या शेळ्यांची आकडेवारी गेली, हिरव्या कुरणाचे छायाचित्र गेले. मध्येच पशुखाद्याच्या जाहिरातीने सगळा पडदा व्यापला आणि ती बंद करण्याची फुली काही केल्या बोटाला लागेना. उपाय त्याला ठाऊक होता, त्यानेच तो लिहिला होता. पण तेल पाव वाटी की अर्धी, हे त्या घाबऱ्या घटकेला त्याला खात्रीने आठवेना. स्वतःच्याच लेखात त्याला स्वतःचे उत्तर सापडत नव्हते.

आबांनी त्याच्या हातातून फोन घेतला. “हौसा, अर्धी वाटी गोडंतेल घे. तोंडाच्या बाजूनं थोडं थोडं पाज, मान लई वर धरू नको, ठसका लागंल. पुढचं पाय वट्यावर ठेव आन डावी कूस चोळत ऱ्हा. खाली बसू दिऊ नको, मी निघालो.” एवढे बोलायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही.

दोघे सुमेधच्या मोटारसायकलवरून वस्तीवर पोहोचले तेव्हा शेळीने दोन मोठे ढेकर दिले होते. तिचे पोट उतरू लागले होते. आबांनी तिला तपासले, आपल्या पिशवीतले औषध दिले, आणि मग ते हौसाबाईपुढे हात जोडून म्हणाले की आज मी तुला विनाकारण दोन मिनिटे ताटकळत ठेवले, चूक माझी आहे. हौसाबाईला त्यातले काही कळले नाही. ती चहा ठेवायला आत गेली.

सुमेध मात्र संतापला होता. गुरूंवर त्याने आजवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी त्याने चढवला. “आबा, शेळी गेली असती तर? मला धडा शिकवायला तुम्ही त्या मुक्या जनावराचा जीव टांगणीला लावलात.”

“लावला,” आबा शांतपणे म्हणाले. “दोन मिनिटं लावला, आन त्याची माफी मागितली. तू चार म्हैनं लावतोयस. तुला त्यो जीव दिसत न्हाई, एवढाच फरक.”

आबा पुढे बोलले.

“हौसाकडं माझा नंबर हाय. जेच्याकडं कुणाचाच नंबर न्हाई, त्यो माणूस तुझ्याकडं येतो. पयला नंबर म्हंजी पयली हाक तुझ्या दारात येणार, दुसरं काय न्हाई. तू त्या माणसाला दारात आणलंस, चांगलं केलंस. पर आत घ्यायचं सोडून त्याला अंगणातच फिरवत ठेवलंस. आन हे ऐकून वर चढायचं सोडू नको. तू खाली गेलास तर त्यो सापडणार कुणाला? वर ऱ्हा, पर त्याच्यासाठी ऱ्हा.”

शिष्य त्याच दिवशी कामाला लागला. त्याचे एकसष्ट लेख होते. त्याने ते एकेक करून उलटे केले, म्हणजे तळ उचलून माथ्यावर ठेवला. उपाय पहिल्या चार ओळींत आणला, डॉक्टरला केव्हा बोलवायलाच हवे ते पाचव्या ओळीत सांगितले, बाकीची माहिती ज्याला सवड असेल त्याच्यासाठी खाली ठेवली. इतिहास काढून टाकला. जाहिरात उत्तराच्या आड येणार नाही एवढे त्याने भांडून करून घेतले. आठवडी बाजारात शेळ्या घेऊन येणाऱ्यांशी बोलून ते आपला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारतात ते टिपले आणि तेच शब्द मथळ्याला दिले.

पोटफुगीचा लेख पहिल्यावरून सातव्यावर गेला. संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांनी त्याला बोलावून लेख पूर्ववत करायला सांगितले. सुमेधने नम्रपणे नकार दिला. क्रमांक मी परत आणीन, त्याला लागतील तितके महिने राबेन, पण उत्तर खाली जाणार नाही, आणि हे मान्य नसेल तर माझे नाव लेखांवरून काढा, असे तो म्हणाला. व्यवस्थापकांनी त्याला तीन महिने दिले. ते तीन महिने तो पूर्वीपेक्षा दुप्पट राबला. प्रत्येक उपाय आबांकडून आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेतला, लोकांचे नवे प्रश्न आले तसे नवे लेख लिहिले. सातव्यावरचा लेख पाचव्यावर आला, मग तिसऱ्यावर. पहिल्या जागेसाठी त्याची झुंज अजून चालू होती.

मुदत संपता संपता त्याच्यापुढे त्या लेखाची आकडेवारी आली. वाचक आता पानावर सरासरी अठ्ठेचाळीस सेकंद थांबत होते. पूर्वी असा आकडा पाहून त्याला जेवण गेले नसते. आता तो त्या आकड्याचा हिशेब मांडू लागला. तेवढ्या वेळात माणूस चार ओळी वाचतो, मोबाईल खिशात टाकतो आणि तेल आणायला घरात धावतो.