उष्ट्यातला जाळ

माणसं वेळ घटकांत मोजायला लागली, त्याच्याही आधीची गोष्ट. मोहाची फुलं पाण्यात भिजवलेल्या मडक्यात चुळबुळ्या नावाचा यीस्टचा कण राहायचा. एकदा मडक्याचं तोंड मातीनं लिंपलं गेलं आणि आतली हवा संपली.

"बाळा, हवेशिवाय घास पुरता पचत नाही. झाकण उघडेपर्यंत थांब," शेजारची म्हातारी पेशी म्हणाली.

"थांबायला वेळ कुणाला आहे?" चुळबुळ्या साखरेवर तुटून पडला. घास अर्धामुर्धा पचवायचा, उरलेला टाकायचा, की लगेच दुसरा! पोट भरेना, जीव थाऱ्यावर राहीना. टाकलेल्याचा दर्प चढत गेला आणि त्यातच तो गुदमरून निपचित पडला.

पुढे माणसांनी मडक्यातलं पाणी भट्टीवर गाळलं. पहिल्या धारेचा थेंब निखाऱ्यावर पडताच भपकन पेटला.

एवढा जाळ उष्ट्यात टाकून चुळबुळ्या उपाशीच मेला होता.