लंगडे मुंगूस

पूर्वी गोदाकाठच्या पोतली नगरात राजा उग्रतेज राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजवैद्य होते. राजाचा मुलगा सोणकुमार सकाळी शिकलेले संध्याकाळी विसरून जाई. असा मुलगा गादीवर टिकणार कसा, याची राजाला धास्ती होती. "त्याला आठवणीचे औषध द्या," तो वैद्यांना म्हणाला, "एक गाव इनाम देईन."

वैद्यांनी मुंगसे पाळली. खाऊ कोणत्या बिळात आहे, हे त्यांना शिकवले. मग निम्म्यांना गुंगीची मुळी पाजून निजवले, बाकीची अंगणात सोडली. दुसऱ्या दिवशी निजलेली मुंगसे नेमकी त्या बिळाकडे गेली. मोकळी सोडलेली नुसती हुंगत फिरली. वैद्य हरखले. राजा तर इतका हुरळला की, कुमाराला येत्या पौर्णिमेपासून रोज मुळी पाजा, अशी आज्ञाच सुटली.

पण मोकळ्या मुंगसांत एक लंगडे होते. पाय दुखावल्यामुळे ते शिकून झाले की गवतात पडून राही. त्याने मुळी चाटलीही नव्हती, तरी तेही लंगडत नेमके त्याच बिळाशी पोचले. आणि पौर्णिमेपर्यंत रोज मुळी घेणारी मुंगसे आता खाऊ पुढ्यात ठेवला तरी डोळे उघडीनात. त्यांचे हाल पाहून वैद्यांना फार वाईट वाटले. मुळी बंद करून ते तडक राजवाड्यात गेले. कुमाराच्या हातात पहिला पेला होता. वैद्यांनी तो काढून घेतला.

"महाराज, गुण मुळीचा नाही, स्वस्थ पडण्याचा आहे. कुमारांचा पाठ संपतो न संपतो तोच धनुर्विद्येचे गुरुजी दारात, त्यांच्यामागे वीणेचे. शिकलेले मुरणार कधी?"

"म्हणजे काहीच न करणे हे औषध? आणि त्याचे इनाम द्यायचे?"

"इनाम नको, महाराज. कुमारांना पाठानंतर थोडे पडू द्या."

राजा कुरकुरला, पण गुरुजींना त्याने थांबवले. संध्याकाळी कुमाराने सकाळचा श्लोक म्हटला. मध्ये एकदा अडखळला, पण म्हटला. राजाचे डोळे भरून आले. त्या आनंदात इनामाचे तो साफ विसरला, आणि वैद्यांनीही आठवण करून दिली नाही.

एका प्रवचनातून दुसऱ्या प्रवचनाला धावणाऱ्या, पण एकही गाथा न आठवणाऱ्या भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. "तो कुमार तू होतास. राजा म्हणजे तुला पळवणारे तुझे आचार्य. लंगडे मुंगूस म्हणजे खांबाला टेकून बसलेली ही वृद्ध उपासिका, आणि वैद्य मी होतो."

पुढच्या प्रवचनासाठी अर्धवट उठलेला भिक्खू पुन्हा खाली बसला. लाभ समोर असतानाही खरे कारण शोधणारी ती प्रज्ञा, हे या कथेतून जाणावे.