तलवारपान्याची सावली

माशांच्या काचेच्या टाकीतल्या पाण्यातून अजून आरपार दिसायचं, तेव्हाची गोष्ट. तळाच्या वाळूत बुटकी हिरवळ पसरली होती आणि तिच्या मधोमध तलवारीसारख्या पानांचा म्हातारा तलवारपान्या उभा होता. त्याच्या रुंद पानांनी टाकीवरच्या दिव्याखाली मांडवच घातला होता. खाली उजेड पोचायचाच नाही. हिरवळ पिवळी पडली, पार थकून गेली. उजेडासाठी तिनं जरा मान वर काढली, की म्हातारा दम द्यायचा, "हिरवळीनं हिरवळीसारखं पसरावं!"

"आजोबा, एक पान बाजूला घ्या ना. मी खालून कुजायला लागलेय."

"आमच्या वेळी दिवासुद्धा नव्हता! खिडकीतल्या कवडशावर वाढलो आम्ही. तुमच्यात जिद्दच नाही." बाकीची जुनी झाडं लगेच डोलली.

"तुमच्या आणि कवडशाच्या मधे कुणी आजोबा नव्हते," हिरवळ म्हणाली.

"उलट बोलतेस?" म्हाताऱ्यानं आणखी एक पान उघडलं.

हिरवळीनं पुन्हा काही मागितलं नाही. तिची कुजकी मुळं वाळूतून सुटत गेली आणि एका सकाळी ती अख्खीच्या अख्खी उचलली जाऊन पाण्यावर तरंगू लागली, थेट दिव्याखाली. खाली काळोख झाला.

"पोरी," खालून मऊ आवाज आला, "जरा सरकतेस का? उजेड अडतोय गं."

जिद्दीबद्दलचं उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. पण तेवढं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. अंगावर पहिल्यांदाच उजेड पडला होता. ती तशीच पडून राहिली.