वक्त्याचे आभार

“...पण मग माझं व्याख्यान कधी, माय?”

रेणामाय मठाच्या ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी एक चिंचोका बोटानं बाजूला सारला.

“या वर्षी.”

हा प्रश्न विचारायला मुरलीधरला अठरा वर्षं लागली होती. माय नाही म्हणतील, मग आपण काय म्हणायचं, त्यावर त्या काय म्हणतील, हे सगळं तो वाटेत मनाशी बोलून आला होता. होकाराची तयारी त्यानं केलीच नव्हती.

“विषय कोणता घेऊ?”

“तुला येतो तो.”

एवढं बोलून त्यांनी पुढची चिंच उचलली.

रेणामाय एके काळी कीर्तन करायच्या. पंचक्रोशीत नाव होतं. पन्नाशीच्या आत त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो कापड फाटल्यासारखा, हातभर अंतरावर ऐकू येईल एवढाच. पिंपळकोठ्यातल्या लोकांना वाटलं, माय आता मठाचं दार लावून घेणार. झालं उलटंच. कापसाचा हंगाम संपला की चैत्रात नदीकाठच्या जिनिंगचं आवार रिकामं पडतं. ते त्यांनी मालकाकडून सात संध्याकाळींपुरतं मागून घेतलं आणि व्याख्यानमाला सुरू केली. पाच दिवस व्याख्यानं, एक दिवस गाणं, एक दिवस भारूड. कुणीही यावं, सतरंजीवर बसावं, ऐकावं. कधी गुरांचे डॉक्टर येऊन बोलले, कधी ताऱ्यांची माहिती सांगणारे कुणी. माय स्वतः कधी व्यासपीठावर चढल्या नाहीत. त्या मागे, पाण्याच्या रांजणाजवळ बसत.

मुरलीधर भंगाळे त्यांच्याकडे आला तो तेवीस वर्षांचा असताना, नुकताच एम. ए. होऊन. त्यानं पायावर डोकं ठेवलं, म्हणाला, मला काहीतरी द्या. त्याला वाटलं होतं, माय नाम देतील, निदान एखादी पोथी वाचायला सांगतील.

मायनी त्याला आभारप्रदर्शन दिलं.

पहिली दोन वर्षं त्याला ती पुढच्या कामाची सुरुवात वाटली. नंतर ती सवय झाली. आणि नंतर ते हळूहळू खुपायला लागलं. काम तो चोख करायचा. वक्ते, अध्यक्ष, जिनिंगचे मालक, मांडववाले, माईकवाले, पाणी भरणाऱ्या बाया, एक नाव सुटायचं नाही. पण आभाराच्या भाषणाचं जे होतं तेच त्याच्याही भाषणाचं व्हायचं. त्यानं “आता शेवटी” म्हटलं की लोक गुडघ्यावर हात ठेवून उठू लागत, चपला शोधू लागत. अठरा वर्षं त्यानं लोकांच्या पाठींचे आभार मानले होते.

बाहेर त्याचं वेगळं होतं. तो कॉलेजात शिकवत होता, नाशिकपर्यंत भाषणांना जात होता, हारतुरे घेऊन परत येत होता. गावात मात्र त्याला सगळे ‘आभारवाले सर’ म्हणत. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, आणि त्यामुळे रागावताही येत नव्हतं.

विषय त्यानं तीनदा बदलला. आधी साहित्यावरचा ठरवला, मग शिक्षणावरचा. दर वेळी तो मठात जाऊन सांगे आणि माय “बरं” म्हणत. तिसऱ्यांदा त्याला राहवलं नाही. तुम्हाला स्वतःला यातलं काय ऐकायला आवडेल, असं त्यानं विचारलं.

“मी मागे बसते,” माय म्हणाल्या. “तिथं सगळं सारखंच ऐकू येतं.”

याचा अर्थ काय घ्यायचा, ते त्याला कळलं नाही. शेवटी त्यानं ‘मोरणी नदीचा इतिहास’ हा विषय घेतला. मोरणी म्हणजे त्यांचीच नदी, जिनिंगच्या कुंपणापलीकडून वाहणारी. वाहणारी म्हणजे, पावसाळ्यात. त्यानं जुने नकाशे मिळवले, कचेऱ्यांतून कागद काढले, मुद्दे लिहून नव्वद चिठ्ठ्या केल्या आणि त्यांना क्रमांक घातले. आता गावाला कळेल, असं त्याला वाटत होतं. नेमकं काय कळेल, याचा विचार त्यानं केला नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आवार भरलं. मुरलीधरनं सुरुवात छान केली. आवाज लागला होता. उगमापासून तो गावापर्यंत आला, आणि अकराव्या चिठ्ठीला घाटाखालच्या घोडेडोहापाशी पोचला. इंग्रजी अमदानीत एका फौजेनं इथून नदी ओलांडली, तिची घोडी या डोहात बुडाली, म्हणून हे नाव, असं त्यानं सांगितलं. कागद दाखवला. त्यावर साहेबाची सही होती.

सतरंजीवरून ठगूबाई परटीण म्हणाली, “फौजेची नव्हती ती, सर. माझ्या सासऱ्याची घोडी होती.”

लोक हसले. मुरलीधरही हसला. अशा वेळी काय बोलायचं ते त्याला माहीत होतं. आठवणीला मान आहेच, पण इतिहासाला पुरावा लागतो, असं तो गोडीनं म्हणाला आणि बारावी चिठ्ठी हातात घेतली.

“पुरावा म्हणजे कसा असतो?” ठगूबाईनं विचारलं. “माझ्या सासूनं तीन दिवस चूल पेटवली नव्हती.”

ती भांडत नव्हती. जन्मभर त्या घाटावर कपडे धुतलेली बाई, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

आवारात कुणी हसलं नाही.

मुरलीधरनं बाराव्या चिठ्ठीकडे पाहिलं. तिच्यावर एक सन होता, सैनिकांची संख्या होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, “रंग कोणता होता घोडीचा?”

हे आपण का विचारलं, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

“पांढरी. कपाळावर तेवढा काळा ठिपका,” ठगूबाई म्हणाली आणि पुढचं सांगू लागली. तिचं बोलणं त्याला अर्धवट ऐकू येत होतं. त्यानं माईक खाली न्यायचं पाहिलं, पण वायर पुरेना. मग माईक तसाच सोडून तो पायऱ्या उतरला, तिच्याशेजारी सतरंजीवर बसला आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेऊ लागला. धुण्याचे कपडे लादून ते घोडीला घाटावर न्यायचे. पूर अचानक आला. सासरा पोहत गेला तो लगाम धरूनच, आणि घरी आला तो नुसता लगाम घेऊन.

मग उखर्डू भोई बोलला. त्याचे वाडवडील नदीच्या वाळूत टरबुजं लावायचे. वाळू किती खोल उकरली की पाणी लागायचं, हे त्यानं हात लांबवून दाखवलं, आणि आता किती उकरलं तरी लागत नाही, हेही सांगितलं. होडी कुठल्या काठाला बांधायचे यावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली. आपल्या आत्यानं त्या डोहात उडी टाकली होती, असं एका बाईनं सांगितलं, आणि मग ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्यासाठी सगळे थांबले.

मुरलीधर लिहीत राहिला. मध्येच त्याच्या लक्षात आलं, आठ वाजून गेलेत. नव्वदपैकी अकराच चिठ्ठ्या वाचून झाल्यात, आणि बाकीच्यांच्या पाठी भरत आल्यात. त्यानं उरलेल्या चिठ्ठ्या घाईनं मोजल्या. त्याच वेळी तो उखर्डूला विचारतही होता की टरबुजांच्या वाडीची राखण करायला कोण बसायचं. आपण घाबरलोय की मजेत आहोत, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

साडेआठला अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आभार मानायला हवे होते. आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की आभार मानणारा आज वक्ता आहे, दुसरं कुणी ठरवलेलंच नाही.

मागून, रांजणाजवळून, रेणामाय उठल्या.

त्या व्यासपीठावर चढताना लोकांनी आधी पाहिलंच नाही. मग एकदम सगळं शांत झालं. मायनी माईक ओठांना टेकवला. तो फाटका आवाज भोंग्यातून पहिल्यांदाच बाहेर आला.

त्यांनी ठगूबाईचे आभार मानले, मग तिच्या सासूचे. उखर्डूचे मानले. भांडलेल्या दोघांचे मानले, आणि ज्या बाईला पुढे बोलता आलं नाही, तिचे. जिनिंगच्या मालकांचे, माईकवाल्याचे मानले. सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांचे आभार मानले.

एकही माणूस उठला नाही. कुणी चपला शोधल्या नाहीत.

मुरलीधर उभा राहिला होता. वक्त्याचं नाव आभारात सर्वांत आधी येतं, अठरा वर्षं त्यानं स्वतः ते तसंच घेतलं होतं. माय ते शेवटी घेणार असतील, असं समजून त्यानं नमस्कारासाठी हात अर्धे जोडले.

मायनी माईक खाली ठेवला आणि त्या उतरल्या.

त्याचे हात तसेच राहिले. मग त्यानं ते खिशात घातले.

बाहेर पडताना दोघेतिघे त्याला म्हणाले की सर, असं आजवर झालं नव्हतं. कॉलेजातले एक प्राध्यापक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचं व्याख्यान मात्र राहूनच गेलं हो.” त्याला दोन्ही खरं वाटलं. घरी बायकोनं विचारलं, कसं झालं. तो म्हणाला, सांगतो. आणि त्यानं सांगितलं नाही.

सकाळी तो मठात गेला. आजपासून आपण आभार मानणार नाही, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. काल आपल्यासाठी काहीतरी फार चांगलं घडलं, हेही सांगायचं होतं. यातलं आधी काय सांगायचं, ते दारापर्यंत ठरलं नाही.

रेणामाय अंगणातला कडुनिंबाचा पाला झाडत होत्या. तो जवळ जाऊन उभा राहिला. लांबून बोलण्यात अर्थ नव्हता, त्यांचं ऐकू आलं नसतं.

“माय, माझं काल चुकलं का?”

“काय चुकलं?”

“व्याख्यान झालंच नाही.”

“लोक साडेआठपर्यंत बसले होते.”

“म्हणजे... झालं?”

माय झाडत राहिल्या.

मुरलीधरला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. तो म्हणाला की अठरा वर्षांत त्यानं एकाही वक्त्याचं नाव सोडलं नाही. न आलेल्या पाहुण्यांचेसुद्धा त्यानं आभार मानलेत.

“मग माझेच आभार का राहिले?”

मायनी झाडू भिंतीला टेकवला. त्या पायरीवर बसल्या. त्यांनी वर, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात चेष्टा नव्हती. त्याला तरी दिसली नाही.

“मी स्टेजवर चढले, तेव्हा आधी तुलाच शोधलं,” त्या म्हणाल्या. “खुर्ची रिकामी होती. नुसता माईक उभा होता...”

“मी खाली होतो, माय.”

“कुठे?”

“सतरंजीवर. ठगूबाईंच्या शेजारी.”

मायनी पायरीवरचा पाला बोटानं बाजूला सारला.

“सतरंजीवरच्या सगळ्यांचे तर मानले की मी.”