नगारा आणि निद्राशाळा

त्या राज्यात कुणालाही झोप येत नसे. फार पूर्वी शेजारच्या रानातले लांडगे चालून आले होते, तेव्हा वाघराजाने डोंगरमाथ्यावर एक नगारा बसवला. सूर्य मावळला की वानर तो बडवायला घेत आणि उजाडेपर्यंत बडवत राहत. मधूनमधून ललकारी उठे, "प्रजाजनहो, निर्धास्त झोपा! राज्य सुरक्षित आहे!" लांडगे केव्हाच मेले, नगारा मात्र चालूच राहिला. बडवून बडवून कातडं फाटे, मग नवं चढे. ते कुठून येतं याची चौकशी करण्याइतकं त्राण कुणात उरलं नव्हतं.

नदीकाठच्या वाळूत एक टिटवी राहत होती आणि तिथल्याच डोहात एक म्हातारा रेडा डुंबत असे. रेडा काळाकुळकुळीत, फक्त पाठीवर मधोमध एक पांढरा डाग. टिटवीची बसायची जागा तीच. तिथे बसून ती त्याच्या अंगावरच्या माश्या टिपी आणि रानभरच्या कागाळ्या सांगे. तो नुसतं "हं" म्हणे, पण ऐके सगळं. टिटवीची अंडी उघड्या वाळूतच असत, म्हणून पाण्यावर येताना रेडा प्रत्येक पाऊल जपून टाकी.

गेल्या हंगामात मात्र तो चालता चालता पेंगला. एरवी टिटवीने ओरडून रान डोक्यावर घेतलं असतं, पण नेमका तेव्हाच तिचाही डोळा लागला होता. खुराखाली अंडी फुटल्याचा आवाज दोघांनी एकदमच ऐकला.

रेडा कित्येक दिवस डोहाबाहेर आला नाही. टिटवीला त्याचा संताप आला, आणि तो संताप धरून ठेवता येईना म्हणून रडू आलं.

अशात कावळे आरोळ्या ठोकत आले. "झोप न येणारे स्वयंसेवक हवेत! राजाच्या कृपेने निद्राशाळा उघडली आहे! राहणं फुकट, खाणं फुकट!" त्या राज्यात झोप न येणारे शोधायला कावळ्यांना एवढं हिंडावं का लागलं, हे एक नवलच.

"दादा, चल," टिटवी म्हणाली. "पुढची अंडी घालायच्या आत आपण दोघंही बरी झालो पाहिजे."

"बरा झालो तर पुन्हा माझ्या वाटेवरच घालशील?" रेड्याने विचारलं.

"मग दुसरीकडे कुठे जाऊ?"

रेडा डोहातून बाहेर आला.

निद्राशाळा डोंगराच्या पोटात, राजाच्या गुहेला लागूनच होती आणि बगळ्यांच्या ताब्यात होती. एका पायावर डोळे मिटून उभं राहता येतं, एवढ्या भांडवलावर ते झोपेचे जाणकार ठरले होते. थोरल्या बगळ्याने अटी सांगायला सुरुवात केली. निम्म्यांना झोप आणणाऱ्या मुळीची गोळी मिळेल, निम्म्यांना कोंड्याची. कुणाला कोणती, ते विचारायचं नाही. अभ्यास अर्धवट सोडून जायचं नाही. जिवाचं काही बरंवाईट झालंच, तर मागे उरेल ते राज्याच्या कामी येईल. बगळ्याचा सूर एकसारखा, आणि रेडा उभ्या उभ्या पेंगत होता. प्रत्येक अटीला त्याची मान खाली जाई आणि दचकून वर येई.

"याची सगळ्याला संमती आहे," बगळा म्हणाला.

"अहो, तो डुलक्या घेतोय!" टिटवी ओरडली.

"झोप येत नाही म्हणूनच आलाय ना तो?" बगळ्याने शांतपणे विचारलं.

टिटवीने स्वतःही मान हलवली. तिला बरं व्हायचं होतं.

गुहा इतकी खोल होती की नगाऱ्याचा ठोका आत पोचत नव्हता. टिटवीच्या चोचीत पडलेली गोळी निव्वळ कोंड्याची होती, चवीवरूनच तिला ते कळलं, तरी ती गाढ झोपली. रेडाही झोपला. सकाळी त्याचे डोळे ओले होते. "बाई, स्वप्न पडलं गं," तो म्हणाला. "तुझी पिल्लं माझ्या पाठीवर नाचत होती."

टिटवी आनंदाने बगळ्याकडे धावली. "आमचं दुखणं कळलं! इथे नगारा ऐकू येत नाही म्हणून झोप लागली. आम्हाला काही झालेलं नाही. नगारा तेवढा थांबवा, सगळं राज्य झोपेल."

"नगारा हा अभ्यासाचा विषय नाही."

"पण कारण तर तोच आहे!"

"नगारा राजाने बसवलाय," बगळा म्हणाला, "आणि निद्राशाळाही राजानेच बांधलीय. कोंडा खाऊन झोपणारी स्वयंसेविका आमच्या काय कामाची? तू जा. रेडा मात्र राहील. त्याला मुळी लागू पडलीय."

"दादा, चल तूही," टिटवी म्हणाली. रेडा उठायला लागला, पण बगळ्यांनी त्याला त्याच्या संमतीची आठवण करून दिली. भला जीव तो, दिलेला शब्द आपल्याला आठवत नाही याचीच त्याला लाज वाटली. "तू पुढे हो," तो म्हणाला. "मी पुरता बरा होऊन येतो."

अंग मोठं म्हणून त्याची मात्रा वाढवण्यात आली. मग आणखी वाढवण्यात आली. टिटवी रोज गुहेच्या तोंडाशी येऊन विचारी आणि बगळे कौतुकाने सांगत, "एवढी गाढ झोप आजवर कुणालाच लागली नव्हती." तो जागा कधी होणार, असं तिने एकदा विचारलं. ते या अभ्यासात बसत नाही, असं उत्तर मिळालं. त्यानंतर गुहेचं तोंड बंदच राहिलं.

टिटवीने वाळूत अंडी घातली, रेड्याच्या वाटेवरच. तो येईल, पाऊल जपून टाकील, असं स्वतःला बजावत ती वाट बघत बसली.

एका संध्याकाळी वाटेवर पावलं वाजली. टिटवी चटकन उठून उभी राहिली. वानर येत होते. त्यांनी खांद्यावरून एक नवाकोरा, डोंगरावरच्यापेक्षाही मोठा नगारा आणला होता. आनंदाची बातमी नदीकाठच्या प्रजेपर्यंतही पोचावी, अशी राजाची इच्छा होती. त्यांनी तो तिच्या अंड्यांच्या शेजारीच वाळूत रोवला.

"प्रजाजनहो!" ललकारी उठली. "झोपेचं औषध सापडलं! निर्धास्त झोपा!"

ताणून बसवलेल्या काळ्याकुळकुळीत कातड्यावर मधोमध एक पांढरा डाग होता. वानराने नेम धरून पहिली टिपरी त्यावरच हाणली, आणि टिटवीच्या पोटाखाली अंडी थरथरली.