रुमालाखालचा हात

कोणे एके काळी, आता नेमका कोणता काळ ते मला विचारू नका, घाटाच्या पायथ्याशी एक मोठं बाजारगाव होतं. तिथे गाड्यांची पेठ होती. बैलगाडी म्हणा, छकडा म्हणा, राजेरजवाड्यांचा रथ म्हणा, ज्याला जे हवं ते तिथे मिळायचं. सुतार हुशार, लाकूड अस्सल. फक्त भाव काय, हे मात्र कुणी तोंडाने सांगायचं नाही!

त्या पेठेची रीतच तशी होती. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे. दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकायचा आणि त्याच्याखाली बोटं दाबून भाव करायचा. विकणाऱ्याने चार बोटं दाबली की घेणाऱ्याने दोन दाबायची. मग त्याने कपाळावर हात मारायचा, याने तोंड वाकडं करायचं, त्याने पोराबाळांच्या शपथा घ्यायच्या. दिवस मावळेपर्यंत हेच. आणि सौदा न करता जो हात बाहेर काढेल, त्याची सगळी पेठ टर उडवायची.

म्हणून त्या गावात मुलांना चालता येऊ लागलं की मोठी माणसं एक गोष्ट पक्की शिकवायची: बाजारात आपली नड कुणाला कळू द्यायची नाही. नड कळली की भाव चढतो. शिकवण काही खोटी नव्हती. पण एखादी शिकवण अंगात किती मुरवावी यालाही मर्यादा असते ना! आता केरबाचंच बघा.

केरबा घोंगड्या विणायचा. हात सोन्याचे, पण स्वभाव असा भिडस्त की दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा त्याच्याने हाड म्हणवत नसे. रुमालाखाली हात गेला की त्याला घाम फुटायचा. समोरचा जेवढी बोटं दाबील तेवढ्याला हा मान डोलवायचा, केवळ सुटका व्हावी म्हणून. एकदा दुधासाठी शेळी आणायला गेला आणि बोकड घेऊन आला. तोही म्हातारा. विकणाऱ्याने इतक्या प्रेमाने बोटं दाबली, की नाही म्हणायला याची जीभ उचलली नाही.

अशा या केरबाला एके दिवशी गाडी घ्यायची वेळ आली.

त्याची आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली तेव्हापासून पाठीने दगा दिला होता. तिला उठून बसवत नसे, आडवं राहिलं तरच बरं वाटायचं. तिची थोरली बहीण, केरबाची मावशी, घाटापलीकडे राहायची. एक दिवस घाट उतरून आलेल्या गुराख्याने निरोप आणला: "तुझी बहीण थकली आहे. नजर दिवसेंदिवस मंदावते आहे. डोळ्यांत उजेड आहे तोवर धाकटीचं तोंड बघायचं आहे, म्हणते."

आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि केरबाला तिचे खांदे हलताना दिसले.

"आई, मी तुला नेतो," तो म्हणाला. "गाडी घेतो."

"तू?" आई वळून बघायला लागली. "पुन्हा बोकड आणशील रे बाबा!"

घोंगड्या विकून साठवलेले पैसे केरबाकडे होते. बैल शेजारी देणार होता. अडलं होतं ते फक्त त्या रुमालापाशी. पेठेच्या तोंडाशी जाऊन तो दोनदा परत फिरला. तेव्हा शेजाऱ्यानेच त्याला सांगितलं, "अरे, जीव कशाला टांगणीला लावतोस? गोजाक्काकडे जा. ती रुमालाला हात लावत नाही आणि तुलाही लावू देणार नाही."

गोजाक्का कोण? पेठेच्या टोकाला राहणारी एक बाई. दुसऱ्यांसाठी गाड्या घेऊन द्यायची, हा तिचा धंदा. आवाज खणखणीत, चाल झपझप, आणि भीड नावाची चीज तिच्या घराण्यातच नव्हती. तिची पद्धत साधी होती. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायचं. मग दुकानोदुकानी उभ्या उभ्या जायचं आणि भर रस्त्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "अशी अशी गाडी हवी. एकच भाव सांगा, तोंडाने सांगा. मी शेजारच्या दुकानातही विचारणार आहे आणि भाव पुन्हा विचारायला फिरून येणार नाही." शेजारचा काय सांगेल ते दुकानदाराला ठाऊक नसायचं. गिऱ्हाईक हातचं जाईल या धास्तीने तो निमूटपणे वाजवी भाव सांगून मोकळा व्हायचा. दिवसभराची बोटं-दाबणी चार वाक्यांत संपायची.

एका दुकानदाराने तिला हळूच म्हणून पाहिलं, "गोजाक्का, गिऱ्हाईक माझ्याकडे वळव. तुझं वेगळं बघतो."

"मला गिऱ्हाईक पायलीभर ज्वारी देतं," ती ओरडली, "आणि मी त्याचीच भाकरी खाते. तुझी खाल्ली तर ती मला पचायची नाही!" दुकानदार आत जाऊन लपला.

केरबा तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ये, बस," गोजाक्का म्हणाली. "कसली गाडी हवी?"

"चांगली असावी," केरबा म्हणाला.

"वाईट मागायला अजून कुणी आलेलं नाही. गाडीत बसणार कोण?"

आता काय झालं बघा. समोर बाजार नव्हता, रुमाल नव्हता, विकणारा नव्हता. समोर त्याचीच बाजू घेणारी बाई होती. पण लहानपणापासूनची शिकवण आडवी आली. नड कळली की भाव चढतो! केरबाने ओठ घट्ट मिटले आणि म्हणाला, "बसेल कुणीतरी घरचं."

"जायचं कुठे?"

"असंच. इकडे तिकडे."

गोजाक्काने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे बघ केरबा, दुकानदाराच्या मनातला भाव मला काढता येतो. तुझ्या मनातलं मला काढता येणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल."

"तुम्ही घ्याल ती चांगलीच असेल, अक्का," केरबा म्हणाला आणि घाईघाईने उठला. पैसे तिच्या हाती ठेवले आणि फार हुशारी केली अशा थाटात घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गोजाक्काने गाडी त्याच्या अंगणात आणून उभी केली. काय गाडी होती! हलका, उंच छकडा. शिसवी चाकं, दोघांना ऐसपैस बसता येईल अशी बैठक, आणि पळायला असा की वाऱ्याने मागे राहावं. भाव तर इतका कमी, की शेजाऱ्याने तो तीनदा विचारून खात्री करून घेतली.

केरबा छकड्याकडे बघत राहिला. बसायला जागा होती, आडवं व्हायला नव्हती. पण एवढ्या चांगल्या भावात आणलेली गाडी नको कशी म्हणायची? बाईला काय वाटेल? त्याने मान डोलवली. रुमाल नव्हता तरीही डोलवली!

मग त्याने छकड्यात घोंगड्यांची रास रचली, आईला उचलून टेकवून बसवलं आणि पटक्याने बांधलं. आईने दात आवळले. म्हणाली, "चल. ताईपर्यंत काढते मी कळ."

सपाटीवर तिने कळ काढली. घाट लागला, चाक दगडावर चढलं आणि छकडा उडाला. आई अशी किंचाळली की बैल जागच्या जागी थांबले. पुढच्या वळणावर तिची शुद्ध हरपली. केरबाने रडत रडत बैल मागे वळवले.

आईला वैद्याने लेप लावला, पण दुखणं उतरायला बरेच दिवस गेले. केरबा उशाशी बसून राहायचा. शेवटी एका सकाळी आईने विचारलं, "केरबा, त्या बाईला माझ्या पाठीचं सांगितलं होतंस ना?"

केरबा तिचं पांघरूण सारखं करू लागला.

"नाही सांगितलंस?"

"नड सांगू नये म्हणतात ना, आई."

आई त्याच्याकडे बघत राहिली. रागवायचं त्राण तिच्यात नव्हतं. "विकणाऱ्याला सांगू नये रे, वेड्या," ती म्हणाली. "आपल्या माणसाला नाही सांगायचं, तर मग सांगायचं कुणाला?"

केरबा उठला तो थेट गोजाक्काच्या दारात. ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती. या वेळी तो बसला नाही. उभ्यानेच, भर रस्त्यात, चार माणसं ऐकत असताना त्याने सगळं सांगून टाकलं. आईची पाठ, घाट, मावशीची नजर, बोकड, रुमाल, सगळं. सांगता सांगता त्याला रडू आलं, आणि तेही त्याने लपवलं नाही.

गोजाक्काने सूप खाली ठेवलं. "अरे, एवढंच तेव्हा बोलला असतास!" ती म्हणाली. आवाज खणखणीत होता, पण डोळे भरून आले होते. "माझंही चुकलंच. अर्धवट सांगितलंस तेव्हा मी पैसे घ्यायलाच नको होते. चल माझ्याबरोबर."

आणि मग तिने काय धडाका लावला म्हणता! वैद्याला रोग्यांकडे पळायला वेगाची गाडी हवीच होती. छकडा त्याने त्याच भावात घेतला, वर गोजाक्काला दुवा दिला. मग ती पेठेत शिरली आणि दुकानोदुकानी ओरडली, "पाठ मोडलेल्या माणसाला झोपून घाट चढायचा आहे! कोण देतो?" कुणी मान हलवली, कुणी छकडेच पुढे केले. पेठेच्या पार मागच्या कोपऱ्यातला एक सुतार मात्र पुढे आला. त्याच्याकडे एक लांब, ठेंगणी, बोजड गाडी पडून होती. रूप काही नव्हतं, म्हणून कुणी घेत नव्हतं. पण आत चारी कोपऱ्यांना दोर बांधून त्यावर बाज टांगलेली होती. चाक दगडावर चढलं तरी बाज नुसती झुलायची.

त्याने भाव सांगितला. गोजाक्काने केरबाकडे पाहिलं. केरबाने आधी बाजेवर स्वतः झोपून पाहिलं, गाडी दगडांवरून ओढायला लावली, आणि मगच म्हणाला, "हीच हवी."

त्या गाडीतून आई घाट चढली आणि उतरली. वाटेत तिला झोपसुद्धा लागली.

मावशी जिवंत होती. पण अंगणात गाडी थांबली तेव्हा ती दारात बसून भलतीकडेच बघत होती. थोड्याच दिवसांपूर्वी तिच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेड विझला होता. केरबाने आईची बाज तिच्या शेजारी नेऊन ठेवली. आईने बहिणीचा हात हातात घेतला आणि दोघींच्या हातांवर घोंगडीचं टोक आलं. घोंगडीखाली मावशीची बोटं हळूहळू धाकटीचा हात चाचपत राहिली. मनगट, बांगड्या, करंगळीवरचा भाजल्याचा जुना डाग.

"आलीस गं," मावशी म्हणाली आणि मग हसत विचारलं, "थोडी आधी का नाही आलीस? बघितलं असतं तुला."

आईने तिचा हात आणखी घट्ट धरला. केरबा उंबऱ्याशी खाली मान घालून उभा होता. घोंगडीखाली होणारी त्या हातांची हालचाल त्याला दिसत होती. छकड्याचे पैसे पुरेपूर परत आले होते. वाया गेलेले दिवस मात्र कोणत्याच पेठेत परत मिळणार नव्हते.

त्यानंतर केरबा पुन्हा कधी बोकड घेऊन घरी आला नाही. भाव ठरवायची वेळ आली की तो गोजाक्काला पुढे करायचा. पण तिने "काय हवं?" म्हणताच त्याची जीभ अशी सुटायची, की शेवटी तिलाच म्हणावं लागे, "पुरे बाबा, कळलं!"

तात्पर्य: घासाघीस खुशाल दुसऱ्यावर सोपवावी, पण आपल्याला काय हवं आहे आणि कशासाठी, हे त्याला आपल्याच तोंडाने आणि वेळेवर सांगावं.