न चाललेला कोड

"आबा, दुसऱ्याच्या चुका मी किती दिवस निस्तरायच्या?"

शार्दूल पायरीवर बसायच्या आधीच विचारत होता. बूटसुद्धा पायातच होते.

आबा केळशीकर ओसरीवर भिजवलेले वाल सोलत होते. कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्रोग्रॅमिंग शिकवलं. त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी शार्दूल. ही गोष्ट आबांपेक्षा शार्दूलच जास्त सांगायचा.

"कुणाच्या चुका?"

"नफीसाच्या. नवजात बाळांना सलाइनमधून औषध देणारा पंप आहे आमचा. मुख्य प्रोग्रॅम माझा. डोसचा हिशेब करणारा कोडचा तुकडा, म्हणजे लायब्ररी, तिची. ती वेगळी कंपाइल होते, माझ्या प्रोग्रॅमला नुसती जोडायची. आणि चाचणीत डोस दहापट येतोय, आबा! दहापट! सोमवारी पंप हॉस्पिटलात जायचाय."

आबांचा हात थांबला.

"मग?"

"मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं, चूक तिची आहे. गेल्या आठवड्यात तिला काढलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, एकदा माझ्यासमोर चालवून दाखवा... तेवढा वेळ कुणाला होता?"

वालाचं एक साल आबांच्या बोटाला चिकटून राहिलं होतं.

"आता तिचा कोड मीच दुरुस्त करतोय. ओळ न् ओळ बदलली. तरी उत्तर तेच! इतका गचाळ कोड मी जन्मात पाहिला नाही."

"दाखव."

शार्दूलने लॅपटॉप पुढे केला. नफीसाची फाइल उघडलेलीच होती. आबांनी पंच्याला हात पुसला आणि अख्खा पंजा कीबोर्डवर दाबला.

पडद्यावर अक्षरांचा नुसता चिखल झाला.

"अहो आबा! हे काय केलंत?"

"चालव."

"चालणार कसं? हे कंपाइलच होणार नाही. पहिल्याच ओळीला बोंब मारेल."

"चालव तर खरं..."

शार्दूलने मनातल्या मनात म्हाताऱ्याच्या वयाचा हिशेब केला आणि बटण दाबलं. हे एक बटण दाबलं की दोघांचाही कोड नव्याने कंपाइल होतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

प्रोग्रॅम चालला.

बोंब नाही, कुरकुर नाही. डोस आला. दहापट.

शार्दूलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. त्या चिखलाकडे यंत्राने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"म्हणजे... मी इतके दिवस या फाइलमध्ये जे बदल करत होतो..."

"ते तू आणि मी वाचले. यंत्राने नाही."

"मग यंत्र काय वाचतंय?"

"यंत्रालाच विचार. तुझ्या प्रोग्रॅमला कुठली फाइल जोडली जातेय?"

शार्दूलने आज्ञा टाइप केली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पडद्यावर उत्तर उमटलं.

जोडली जात होती ती कंपाइल करून ठेवलेली एक जुनी लायब्ररी. नाव तेच, जागा वेगळी. फाइल होती शार्दूलच्याच फोल्डरमध्ये. तारीख नफीसा नोकरीला लागण्याच्याही आधीची. त्यानेच कधीतरी घाईघाईत तयार केलेली, आणि नंतर साफ विसरलेली.

आतापर्यंत गचाळ, गचाळ म्हणून ज्याच्या नावाने त्याने शंख केला होता, तो कोड या पंपात शिरलाच नव्हता. दहापट डोस त्याचा स्वतःचा होता. आणि घरी बसली होती नफीसा.

आबा पुन्हा वाल सोलू लागले.

मग शार्दूलने फोन काढला. नफीसाचं नाव शोधलं. बोट तिथेच अडलं.

"आबा, मी साहेबांना सगळं सांगतो. पंप थांबवतो. पण आधी तिला... तिला सांगतो की तुझा कोड अगदी बरोबर होता. सांगू ना?"

आबांनी वर पाहिलं.

"ते तुला कसं कळलं? तो अजून एकदाही चाललेला नाही."